मिझो नॅशनल फ्रंट

ईशान्य भारतातील मिझो टेकड्यांत १९६६ ते १९८६ अशी वीस वर्षे सशस्त्र बंड चालवणारी संघटना, एम.एन.एफ. या आद्याक्षरांनी अधिक परिचित. ऑक्टोबर १९६१ मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली स्थापना. भारतापासून वेगळे, सार्वभौम मिझोराम हे तिचे उद्दिष्ट होते. ३० जून १९८६ च्या करारानंतर तिने शस्त्रे खाली ठेवली आणि ती निवडणुका लढवणारा प्रादेशिक पक्ष झाली. बंडाच्या या वीस वर्षांना मिझो लोक ‘रामबुआई’ म्हणतात. ‘राम’ म्हणजे भूमी आणि ‘बुआई’ म्हणजे अस्वस्थ, विस्कटलेली. या बंडाचा उगम, त्याचा खर्च आणि त्याच्याविरुद्धची मोहीम या तिन्ही गोष्टी एकाच जिनसाभोवती फिरतात, ती म्हणजे तांदूळ.

माउताम : मिझो टेकड्यांतील बांबूमध्ये ‘माउताक’ जातीचा बांबू सर्वांत जास्त. तो साधारण ४८ वर्षांनी एकदाच, सगळा एका वेळी फुलतो, फळतो आणि वाळून जातो. १९११-१२ मध्ये तो फुलला होता, त्यानंतर १९५९ मध्ये. पेरूएवढ्या गरदार फळांचा रानात सडा पडतो आणि उंदरांना आयते खाद्य मिळते. एरवी उपासमारीने मरणारी पिल्ले या हंगामात जगतात, त्यामुळे काही महिन्यांत उंदरांची संख्या बेसुमार वाढते. फळे संपली की उंदरांच्या टोळ्या झूम शेतीतल्या (डोंगरउतारावर रान तोडून-जाळून केलेल्या शेतीतल्या) भातावर उतरतात. उभे पीक एका रात्रीत जाते, मग पाळी येते घरातल्या कणग्यांची. या दुष्काळाला ‘माउताम’ म्हणतात. मिझो भाषेत ‘ताम’ म्हणजे दुष्काळ.

मिझो टेकड्या तेव्हा आसामचा एक जिल्हा होत्या. गावातल्या म्हाताऱ्यांना हे चक्र पाठ होते. त्यांच्या सांगण्यावरून स्वायत्त जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच आसाम सरकारकडे तयारीसाठी १५ लाख रुपये मागितले. बांबूला फुले येण्याचा आणि दुष्काळाचा संबंध जोडणे ही आदिवासींची भाबडी समजूत आहे, असे मानून मागणी बाजूला ठेवली गेली. पुढच्या वर्षी दुष्काळ आला तेव्हा सरकारी धान्य मैदानी भागातून डोंगरावर चढवायला पुरेसे रस्ते नव्हते, विमानातून पोती टाकावी लागली. उंदीर मारून आणणाऱ्यास शेपटीमागे बक्षीस देण्यात आले. शेपट्यांचे ढीग जमले, भात मात्र वाचले नाही. त्याच सुमारास, १९६० मध्ये, आसामने आसामी ही राजभाषा केली. भुकेच्या रागात भाषेच्या रागाची भर पडली.

मदतपथकापासून संघटनेपर्यंत : लालडेंगा (१९२७–१९९०) हे लष्करातून हवालदार म्हणून बाहेर पडून जिल्हा परिषदेत कारकुनी केलेले गृहस्थ. बोलण्यात तयार आणि संघटनेत त्याहून तयार. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या मिझो कल्चरल सोसायटीचे ते चिटणीस होते. तीच संस्था १९६० मध्ये आधी माउताम फ्रंट आणि नंतर मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट झाली. तिचे तरुण स्वयंसेवक तांदळाची पोती पाठीवर घेऊन, जिथे खेचरही जात नाही अशा वाटांनी गावोगाव पोचत. कुठल्या गावात किती घरे आहेत, कोणती पायवाट पावसाळ्यात वाहून जाते, कोणाच्या घरी दहा माणसे झोपू शकतात, याची बारीक माहिती या हमालीतून जमली. दुष्काळ ओसरल्यावर ऑक्टोबर १९६१ मध्ये नावातला ‘फॅमिन’ शब्द गळाला आणि तेच जाळे राजकीय पक्षाच्या हाती आले. पुढे बंडाच्या काळात दाणागोटा, निरोप आणि माणसे त्याच वाटांनी हलली.

त्या वेळी मिझो युनियन हा प्रमुख पक्ष होता. टोळीप्रमुखांचे वंशपरंपरागत हक्क १९५४ मध्ये रद्द करवून घेण्याचे श्रेय त्याचे. पण दुष्काळात त्याची जिल्हा परिषद हतबल दिसली. १९६३ मध्ये फ्रंटने आसाम विधानसभेच्या दोन जागा जिंकल्या. शिस्तभंगावरून भारतीय लष्करातील आसाम रेजिमेंटची दुसरी बटालियन मोडीत काढली गेली. तिच्यात मिझो जवानांचा मोठा भरणा होता, त्यामुळे बंदूक चालवता येणारी बेकार माणसे गावोगाव परतली आणि फ्रंटला तयार शिपाई मिळाले.

उद्दिष्टे व रचना : ३० ऑक्टोबर १९६५ रोजी फ्रंटने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना निवेदन दिले. इंग्रज येण्यापूर्वी मिझो स्वतंत्र होते आणि इंग्रजांनंतर त्यांना भारतात राहायचे का हे कोणी विचारले नाही, असा त्यातील युक्तिवादाचा गाभा. मणिपूर, त्रिपुरा, आसाम, ब्रह्मदेश आणि पूर्व पाकिस्तानातील नातलग जमातींचे प्रदेश जोडून बृहद् मिझोराम करावा, ही सोबतची मागणी. ख्रिस्ती धर्म हा या राष्ट्रवादाचा दुसरा खांब. ‘देवासाठी आणि आपल्या भूमीसाठी’ हे घोषवाक्य होते. १९६६ च्या उठावाचे ‘जेरिको’ हे नावही बायबलमधलेच. चर्चने मात्र हिंसेला कधी मान्यता दिली नाही, ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

सशस्त्र दलाचे नाव मिझो नॅशनल आर्मी. तिचे लायन आणि डॅगर असे दोन ब्रिगेड होते. बटालियनना चॉंगबॉला, खुआंगचेरा, वानापा अशा लोककथा-इतिहासातील वीरांची नावे, आणि त्यांत बायबलमधला जोशुआही. याशिवाय गावपातळीवर स्वयंसेवक दल होते. अध्यक्ष, मंत्रिमंडळ, संसद, न्यायाधीश असा सगळा सरंजाम कागदावर उभा केला होता. तो दिखाऊ म्हणून सोडून देणे चूक ठरेल, कारण कर गोळा करताना पावती ‘सरकार’ देते की टोळी, याने देणाऱ्याच्या मनात फरक पडतो.

पैसा, धान्य, शस्त्रे : रोख उत्पन्नाची वाट तीन ठिकाणांहून येई. पहिले म्हणजे घरटी कर आणि ‘देणगी’. सरकारी नोकर, कंत्राटदार आणि दुकानदार यांच्याकडून वसुली अधिक. कोणी खुशीने देत, कोणी भीतीने, आणि एकच माणूस वेगवेगळ्या महिन्यांत दोन्ही कारणांनी देत असे. दुसरे म्हणजे लूट; मार्च १९६६ च्या उठावात सरकारी खजिने फोडले गेले. तिसरे म्हणजे परदेशी मदत. लालडेंगा डिसेंबर १९६३ मध्ये गुपचूप पूर्व पाकिस्तानात जाऊन आले, परतल्यावर पकडले गेले आणि आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चलिहा यांना लेखी हमी देऊन सुटले. हमीचा उपयोग वेळ मिळवण्यापुरता झाला. त्यानंतर तरुणांच्या तुकड्या सीमेपलीकडून प्रशिक्षण व हत्यारे घेऊन येऊ लागल्या. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानने हात आणखी सैल सोडला. सत्तरच्या दशकाच्या मध्यास एक तुकडी ब्रह्मदेश ओलांडून चीनपर्यंत जाऊन आली.

पण बंडखोराचा रोजचा खर्च रोखीत मोजता येत नाही. दलाच्या पोटाची जबाबदारी गावावर होती. तुकडी गावात आली की प्रत्येक घराने एक-दोन माणसांना जेवू घालायचे, निघताना शिदोरीचा तांदूळ द्यायचा आणि पुढच्या गावापर्यंत हमाल पुरवायचे. ही पद्धत स्वस्त, पण तिचा कच्चा दुवाही इथेच: गाव हलले की फौज उपाशी.

ऑपरेशन जेरिको : २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री ऐझॉल, लुंगलेई, चंफाई आणि इतर ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले झाले. योजना साधी होती: आसाम रायफल्स या निमलष्करी दलाच्या चौक्या घ्यायच्या, खजिना आणि शस्त्रागार ताब्यात घ्यायचे, तारा तोडायच्या, सिल्चरकडून येणारा एकमेव रस्ता झाडे पाडून अडवायचा, आणि दिल्ली सावरायच्या आत जगापुढे स्वतंत्र मिझोराम उभा करायचा. १ मार्चला लालडेंगांसह साठेक जणांच्या सह्यांनिशी स्वातंत्र्याची घोषणा झाली. चंफाई आणि लुंगलेई पडले. ऐझॉल शहर हाती आले, पण तिथला आसाम रायफल्सचा तळ पडला नाही. जिल्ह्याचे प्रशासन त्याच तळात आश्रयाला होते. बायबलमधली जेरिकोची तटबंदी कर्ण्यांच्या आवाजाने कोसळली होती. इथे वेढा घालणाऱ्यांकडे तोफा नव्हत्या आणि घोषणेला एकाही देशाने मान्यता दिली नाही.

२ मार्चला जिल्हा अशांत क्षेत्र घोषित झाला. वेढ्यातील तळाला हेलिकॉप्टरने रसद पोचवण्याचा प्रयत्न गोळीबारामुळे फसला. ५ मार्चला वायुसेनेच्या तूफानी आणि हंटर विमानांनी ऐझॉलवर मशिनगन आणि बाँबचा मारा केला. भारताने स्वतःच्या नागरी वस्तीवर लढाऊ विमाने वापरल्याचा हा एकमेव प्रसंग. विमानांतून माणसे आणि सामान टाकले, असा सरकारचा खुलासा होता. शहरातल्या जळालेल्या वस्त्या पाहणाऱ्यांना तो पटणे शक्य नव्हते, आणि आसाम विधानसभेत आमदारांनी तो उघडपणे नाकारला. ६ मार्चला फ्रंट बेकायदा ठरली. आठवडाभरात लष्कर सुमारे १८० किलोमीटरचा अडवलेला सिल्चर-ऐझॉल रस्ता मोकळा करत पोचले. मार्चअखेरीस मुख्य गावे सरकारकडे परत आली आणि बंडखोर जंगलात व पूर्व पाकिस्तानातील चितगाव डोंगराळ प्रदेशातील तळांवर गेले. त्या वेळी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले.

खॉखॉम (गावांची जुळणी) : जंगलातल्या दलाचा दाणा तोडण्यासाठी लष्कराने मलायात इंग्रजांनी वापरलेली युक्ती उचलली. जानेवारी १९६७ मध्ये सिल्चर-ऐझॉल-लुंगलेई रस्त्याकडेला १८ ‘संरक्षित व प्रगतिशील खेडी’ उभारून त्यांत सुमारे ५० हजार लोक आणले गेले. १९७० पर्यंत आणखी टप्पे झाले. जिल्ह्यातील ७६४ खेड्यांपैकी पाचशेहून अधिक खेडी सुमारे ११० केंद्रांत कोंबली गेली.

पद्धत ठरलेली असे. पहाटे गावाला वेढा पडायचा. डोक्यावर आणि पाठीवर मावेल तेवढे घेऊन काही तासांत निघायचे. उरलेले भात आणि घरे बंडखोरांच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाळायची. आपण स्वेच्छेने हललो, अशा कागदावर गावप्रमुखांच्या सह्या घेतल्याचे त्या काळी तिथे काम केलेल्या प्रशासकीय अधिकाऱ्याने स्वतःच लिहिले आहे. नव्या केंद्राला कुंपण, फाटक, ओळखपत्र, सकाळ-संध्याकाळ हजेरी, अंधार पडल्यावर संचारबंदी. फाटकावर ‘कॉक्तू’ म्हणजे बोट दाखवणारा खबऱ्या उभा केला जाई. तो मान हलवेल त्या माणसाला बाजूला काढत. या शब्दाची धास्ती त्या पिढीच्या बोलण्यात अजून जाणवते.

लष्करी हिशेबाने योजना चालली. बंडखोरांना जेवण मिळणे खरोखर अवघड झाले. शेतीच्या हिशेबाने मात्र ती कोसळली. झूम शेतीत हिवाळ्यात रान तोडायचे, मार्चमध्ये जाळायचे, पहिल्या पावसाआधी पेरायचे आणि ऑक्टोबरनंतर कापायचे असते. ऐन तोडणीच्या दिवसांत माणसे हलवल्याने ते वर्ष हातचे गेले. पुढे दहा गावांची माणसे एका टेकडीवर आल्याने जवळची जमीन पुरेना, आणि दूरच्या शेतावर गेलेला माणूस संचारबंदीआधी परत येईना. पूर्वी स्वतःच्या कणगीवर जगणारे कुटुंब सरकारी शिध्याच्या रांगेत उभे राहिले. १९७० मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि पुढच्या जुळणीला स्थगिती मिळाली. तोवर जुनी गावे ओस पडली होती, बरीच कायमची. व्हैरेंग्ते येथील लष्कराची बंडविरोधी व जंगलयुद्ध शाळा याच काळातली.

उतरणीचा काळ : १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तान संपला आणि त्यासोबत फ्रंटचे तळ, भांडार आणि आश्रय एका झटक्यात गेले. लालडेंगा पाकिस्तानात पोचले. दल ब्रह्मदेशातील अराकानच्या जंगलात पांगले. जानेवारी १९७२ मध्ये मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला, त्यामुळे आसामविरुद्धची जुनी तक्रारही बोथट झाली. आता मोठ्या हल्ल्यांऐवजी निवडक हत्या सुरू झाल्या. १३ जानेवारी १९७५ रोजी ऐझॉलमध्ये पोलीस महानिरीक्षक, उपमहानिरीक्षक आणि अधीक्षक या तिघांना त्यांच्या कार्यालयातच गोळ्या घातल्या. १९७९ मध्ये ‘वाई’ म्हणजे बिगरमिझो लोकांनी निघून जावे, अशा नोटिसा निघाल्या. १ जुलै १९७६ च्या समझोत्यावर सह्या झाल्या, पण आधी शस्त्रे की आधी राजकीय तोडगा यावरून तो मोडला. नेतृत्वातही फूट पडली. लालडेंगांना १९७९ मध्ये अटक झाली आणि १९८२ मध्ये त्यांना देश सोडून लंडनला जावे लागले.

करार : बोलणी पुन्हा सुरू ठेवण्याचे चिवट काम चर्चच्या मंडळींनी केले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी लालडेंगा इंदिरा गांधींना भेटणार होते. त्याच सकाळी इंदिरा गांधींची हत्या झाली. राजीव गांधींच्या काळात धागा पुन्हा जुळला. ३० जून १९८६ च्या करारावर लालडेंगा, मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा आणि केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांनी सह्या केल्या. प्रधान महाराष्ट्रातले अधिकारी आणि एके काळचे यशवंतराव चव्हाणांचे खासगी सचिव; तो त्यांच्या निवृत्तीचा दिवस होता आणि सह्यांसाठी त्यांची मुदत काही तासांनी वाढवावी लागली.

कराराच्या अटी अशा: फ्रंटने शस्त्रे द्यावीत, स्वातंत्र्याची मागणी सोडावी आणि त्रिपुरा व मणिपूरच्या बंडखोर गटांशी संबंध तोडावेत. बदल्यात पूर्ण राज्याचा दर्जा. बृहद् मिझोरामची मागणी फक्त नोंदली गेली. खरी कमाई होती राज्यघटनेतील कलम ३७१-जी: मिझोंच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, रूढ कायदा, त्यानुसार होणारे न्यायदान आणि जमिनीची मालकी व हस्तांतरण या बाबतीत संसदेचा कायदा विधानसभेने ठराव केल्याशिवाय मिझोरामला लागू होत नाही. लालडेंगा ऑगस्ट १९८६ मध्ये मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्य अस्तित्वात आले. पक्षांतरांमुळे त्यांचे सरकार १९८८ मध्ये गडगडले. ३० जून हा दिवस मिझोराममध्ये ‘रेम्ना नी’, म्हणजे शांततादिन, म्हणून पाळला जातो.

लालडेंगांचे जंगलातले सचिव झोरामथांगा १९९८ मध्ये मुख्यमंत्री झाले. माउताक पुन्हा फुलणार हे या वेळी कोणाला पटवून द्यावे लागले नाही. सरकारने काही वर्षे आधीच बांबू-फुलोरा व दुष्काळनिवारणाची स्वतंत्र योजना आखली. तरी २००७ च्या सुमारास उंदीर आले, भात गेले आणि मदतीच्या वाटपावरून तक्रारी झाल्या. डिसेंबर २००८ च्या निवडणुकीत दुष्काळातून जन्मलेल्या या पक्षाला चाळीसपैकी तीन जागा मिळाल्या.