जहाज बुडालं की कॅप्टनने पण बुडायचं, असा नियम आहे का?

"नौदलाचा कायदाच आहे, जहाज बुडालं की कॅप्टनला त्याच्यासोबत जलसमाधी घ्यावीच लागते" असा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, बहुतेक वेळा 1971 च्या युद्धात बुडालेल्या आयएनएस खुकरी या भारतीय युद्धनौकेच्या फोटोसोबत. ऐकायला खरं वाटतं, मलाही आधी तसंच वाटायचं.

पण असा कायदा नाहीये. नौदल कायदा, 1957 सरकारी वेबसाइटवर फुकट वाचता येतो, कोणीही उघडून बघा. मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने जहाज गमावलं तर शिक्षा आहे, पण जीव द्या असं कुठेच लिहिलेलं नाही. आपली माणसं आधी बाहेर काढायची आणि स्वतः शेवटी निघायचं ही समुद्रावरची जुनी परंपरा आहे, आणि शेवटी निघणं म्हणजे मरणं नव्हे.

आता खुकरीचं बघा. 9 डिसेंबर 1971, दीवजवळच्या समुद्रात रात्री पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि जहाज काही मिनिटांत बुडालं, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला देऊन टाकलं, जमेल तितक्यांना बाहेर पडायला लावलं आणि स्वतः मागे राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, आणि शौर्यपदकाचं मानपत्र वाचलंत तर त्यात हेच सापडेल. नुसता नियम पाळला म्हणून कोणी महावीर चक्र देत नाही हो! जॅकेट त्यांच्या हातात होतं, ते घालून समुद्रात उडी मारली असती तरी कायद्याने त्यांना कोणी अडवलं नसतं.