हिरवी जेली आणि शिवराळ धर्मोपदेशक : मॉर्मन विनोदामागचा इतिहास

२००२ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा संग्राहक ज्या बिल्ल्यांमागे धावत होते त्यांपैकी एकावर ना बर्फ होता, ना खेळाडू. त्यावर होती वाडगाभर हिरवी जेली. आदल्याच वर्षी युटा राज्याच्या विधिमंडळाने ‘जेल-ओ’ला राज्याच्या अधिकृत खाऊचा दर्जा दिला होता, आणि त्यामागचे कारणही गमतीचे होते : जेलीच्या दरडोई खपातला पहिला क्रमांक आयोवातील डे मॉइन शहराने हिरावून घेतल्यामुळे युटावासी हिरमुसले होते. ज्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हे राज्य वसवले, त्यांची ओळख गंभीर, नीटनेटकी, दारू-कॉफीला न शिवणारी माणसे अशी आहे. ती स्वतःच्याच जेवणावर इतक्या उघडपणे हसू लागली, याला पाऊणदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आधी इतरांनी त्यांना हसून घेतले, आणि नंतर पुष्कळ उशिरा त्यांनी तो हक्क आपल्याकडे घेतला.

जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील फेएट येथे या पंथाच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, स्थापना केली. तिचे आजचे पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे असून, ‘मॉर्मन’ हे नाव मुळात विरोधकांनी चिकटवलेले आहे. स्थापनेच्या काही दिवस आधी पालमायरा गावी छापून निघालेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथावरून ते आले. हसण्याविषयीची या पंथाची भूमिका सुरुवातीपासून दुहेरी राहिली आहे. १८३१ च्या ऑगस्टमध्ये स्मिथने नोंदवलेल्या साक्षात्कारात अंतःकरण आनंदी आणि मुद्रा प्रसन्न ठेवण्यास सांगितले आहे, पण त्याच ठिकाणी फार हसणे हे पाप असल्याचेही बजावले आहे. पुढच्याच वर्षी अतिहास्य दूर सारण्याची आज्ञा आली. गंमत अशी की ज्याच्या तोंडून हे सारे आले, त्या स्मिथने स्वतःचा स्वभाव जात्याच हसतमुख असल्याचे लिहून ठेवले आहे. तो कुस्त्या खेळे, मुलांबरोबर चेंडू खेळे, आणि संदेष्टा म्हणजे करारी मुद्रेचा वृद्ध असणार अशा कल्पनेने दूरवरून आलेल्या काही भाविकांचा त्याला पाहून हिरमोड होई.

पुढील दोन दशके हसण्याची नव्हती. १८३८ साली मिसुरीचा गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने मॉर्मनांना राज्याबाहेर हाकलण्याचा, प्रसंगी त्यांचा नायनाट करण्याचा हुकूम काढला, आणि तो औपचारिकपणे रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला ठार मारले. मग ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली निघालेला तांडा २४ जुलै १८४७ रोजी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. हा दिवस आजही युटात ‘पायोनियर डे’ म्हणून सुट्टीचा असतो, आणि तेथील बिगरमॉर्मन रहिवासी उच्चाराशी खेळून तो ‘पाय अँड बीअर डे’ (‘पाय’ म्हणजे सारण भरून भाजलेला एक पदार्थ) म्हणून साजरा करतात.

वाळवंटात पोहोचल्यावर जिवाची भीती कमी झाली; टिंगल मात्र वाढली. १८५२ साली मंडळीने बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला आणि अमेरिकेतील व्यंगचित्रकारांना पुढील चार दशके पुरेल इतका विषय मिळाला. यंगने स्वतः पन्नासहून अधिक स्त्रियांशी विवाह केले होते. १८७७ साली तो वारला, तेव्हा ‘पक’ या विनोदी साप्ताहिकाने श्रद्धांजली म्हणून एका लांबच लांब पलंगावर ओळीने रडत बसलेल्या विधवांचे चित्र छापले. नेवाडाकडे जाताना १८६१ साली सॉल्ट लेक सिटीत दोन दिवस थांबलेल्या मार्क ट्वेननेही पुढे त्या मुक्कामावर मनसोक्त विनोद केले. या हास्यात निरुपद्रवी असे फारसे नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्याच काळात अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, कायदे करून मंडळीची मालमत्ता जप्त करीत होती आणि बहुपत्नीक पुरुष तुरुंगात जात होते. अखेर १८९० साली मंडळीचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून नव्या बहुपत्नी विवाहांना मनाई केली आणि १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. आज जे गट ही प्रथा पाळतात, ते या मंडळीतून फुटलेले आहेत.

संशय तरीही सरला नाही. मंडळीचे एक प्रेषित रीड स्मूट १९०३ साली सिनेटवर निवडून आले, तेव्हा त्यांना एकच पत्नी असूनही त्यांच्या पात्रतेविषयीची चौकशी वर्षानुवर्षे चालली. १९०७ मध्ये त्यांची जागा कायम झाली. या प्रकरणात पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर बॉइस पेनरोज यांच्या तोंडी घातले जाणारे वाक्य मॉर्मन अजूनही चवीने सांगतात : एकपत्नीत्व नुसते मिरवणारा आणि न पाळणारा शेजारी बसण्यापेक्षा, बहुपत्नीत्व मानणारा पण न आचरणारा परवडला. विनोदाचे टोक मॉर्मनांकडून वळून त्यांच्या टीकाकारांकडे गेल्याचे हे बहुधा पहिले ठळक उदाहरण असावे.

आजच्या घरगुती विनोदाचा मोठा भाग मात्र विवाहाभोवती नसून पेल्याभोवती फिरतो, आणि त्याची सुरुवात ओहायोतील कर्टलंड गावी एका दुकानाच्या माडीवर झाली. १८३३ च्या हिवाळ्यात तेथील छोट्या खोलीत स्मिथच्या अनुयायांचे वर्ग भरत. हे अनुयायी चिलमी ओढत, तंबाखू चघळत आणि जमिनीवर थुंकत. ब्रिगहॅम यंगने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, ती जमीन घासून काढणारी स्मिथची पत्नी एमा हिची तक्रार हे पुढील घटनेचे एक निमित्त ठरले. त्या वर्षीच्या २७ फेब्रुवारीला ‘वर्ड ऑफ विज्डम’ म्हणजे सुज्ञपणाचे वचन आले : दारू, तंबाखू आणि ‘उष्ण पेये’ टाळावीत. उष्ण पेये म्हणजे चहा-कॉफी, असा अर्थ लवकरच रूढ झाला. तथापि हा उपदेश आहे, आज्ञा नव्हे, असे त्या वचनाच्या आरंभीच म्हटलेले असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात त्याचे पालन सैलच होते. दक्षिण युटातील मॉर्मन वसाहतींत तर द्राक्षांची लागवड करून वाइनही बनवली जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अध्यक्ष हीबर जे. ग्रँट यांच्या काळात हे पथ्य टेंपलमध्ये, म्हणजे मंडळीच्या खास मंदिरात, प्रवेश मिळण्याची अटच होऊन बसले. त्याच ग्रँट यांच्या विनवणीला न जुमानता युटाने ५ डिसेंबर १९३३ रोजी राष्ट्रीय दारूबंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला, आणि हा कौल देणारे ते छत्तिसावे, म्हणजे निर्णायक राज्य ठरले.

कोलाचे काय, हा प्रश्न घराघरांत अनेक दशके लोंबकळत राहिला, कारण त्यात कॅफीन असले तरी ते पेय उष्ण नव्हे. २०१२ साली मंडळीने वचनात कॅफीनचा उल्लेख नसल्याचे स्पष्ट केले, आणि २०१७ मध्ये मंडळीच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आवारात कॅफीनयुक्त कोला विकला जाऊ लागला. दरम्यान कॉफीगृहाची उणीव भरून काढणारी सोड्याची दुकाने युटाभर उगवली होती. कोल्यात नारळाचे सिरप, साय आणि लिंबू घालून तेथे मिळणाऱ्या मिश्रणाला ‘डर्टी सोडा’ म्हणतात. ‘डर्टी’ या शब्दाच्या मालकीवरून २०१५ साली दोन दुकानसाखळ्या न्यायालयात गेल्या. इतक्या सोवळ्या समाजात ‘मळका’ या विशेषणासाठी कज्जा व्हावा, यावर वेगळा विनोद रचण्याची गरज उरत नाही.

मॉर्मनांबद्दलचा एक जुना विनोद असा : मासेमारीला मॉर्मन मित्राला नेणार असाल तर एकाऐवजी दोघांना न्या, एकटा असला तर तो तुमची सगळी बीअर संपवेल. हा विनोद इतर कर्मठ पंथांवरही सांगितला जातो, पण मॉर्मनांना तो विशेष लागू पडतो, कारण त्यांचे सारे धार्मिक जीवन एकमेकांच्या नजरेखाली चालते. या जीवनाचे एकक म्हणजे वॉर्ड. महापालिकेमुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, आणि इलिनॉयमधील नावू या मॉर्मन नगरातही तो नगरव्यवस्थेतूनच धर्मव्यवस्थेत आला. १८४९ मध्ये सॉल्ट लेक सिटीचे १९ वॉर्ड पाडण्यात आले. ज्या हद्दीत घर, त्याच वॉर्डात उपासना. आवडीचा उपदेशक शोधण्याची सोय नाही. तसा उपदेशकही नसतोच. वॉर्डाचा बिशप, म्हणजे प्रमुख, दंतवैद्य असेल किंवा नळदुरुस्ती करणारा. काही वर्षे तो हे काम विनावेतन करतो आणि मग पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसतो. प्रत्येकाकडे कोणते ना कोणते काम सोपवलेले असते, आणि ते बहुधा न जमणारे असते. वाद्य न येणारी बाई पियानोवर बसते, चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या गृहस्थाला भाषण करावे लागते. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर व पाण्यावरची प्रार्थना पोरसवदा तरुण म्हणतात, आणि तिच्यात एक शब्द चुकला तरी ती पहिल्यापासून म्हणावी लागते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सारे उपाशीपोटी जमतात आणि ज्याला वाटेल त्याने उठून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची असते. साक्ष देता देता कोणी सहलीचा वृत्तान्त सांगू लागतो, कोणी शेजाऱ्यांची गुपिते फोडतो. उशिरा सुरू होणाऱ्या कार्यक्रमांमुळे ‘मॉर्मन प्रमाणवेळ’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. पगारी पुरोहित नसलेल्या समाजात विनोदाचे लक्ष्य पुरोहित होऊ शकत नाही. हसायचे ते स्वतःवर किंवा फार तर पुढच्या बाकावरच्या माणसावर. मॉर्मन विनोद सहसा बोचरा नसतो, त्याचे कारण माझ्या मते या व्यवस्थेतच आहे.

खाण्याचे विनोदही येथूनच येतात. १७ मार्च १८४२ रोजी नावू येथे स्त्रियांनी ‘रिलीफ सोसायटी’ स्थापन केली, आणि आजारपण, बाळंतपण वा मृत्यू झालेल्या घरी अन्न पोहोचवणे हे तिचे अलिखित ब्रीद ठरले. किसलेला बटाटा, चीज, आंबट साय व डब्यातले सूप एकत्र करून वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा घालून भाजलेल्या पदार्थाला युटात सरळ ‘फ्युनरल पोटॅटोज’, म्हणजे मयताचे बटाटे म्हणतात. स्वस्त, पन्नास जणांना पुरणारे आणि मुलांनाही आवडणारे असे हे जेवण आहे. जेली त्याच पंगतीतली.

मिशनरी कार्याचा विनोद मात्र संबोधनापासूनच सुरू होतो, कारण नुकते मिसरूड फुटलेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या छातीवर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, अशी पाटी लागते. २०१२ पर्यंत हे वय मुलांसाठी एकोणीस होते. दोन वर्षे, स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या खर्चाने, आपण न निवडलेल्या जोडीदारासोबत अहोरात्र राहून दारोदार फिरायचे. या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रातूनही जातो. १८५२ साली ह्यू फिंडले हा मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि तेथून पुण्याला गेला. त्याचा श्रोतृवर्ग प्रामुख्याने ब्रिटिश सैनिकांचा होता, पण छावणीत उपदेश करू देण्यास लष्करी अधिकारी राजी नव्हते आणि इतर मिशनऱ्यांचाही विरोध होता. थोड्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला, एक छोटी शाखाही उभी राहिली. पण त्याच दशकाच्या मध्यास ते सारे विरले.

या साऱ्या हास्याला ज्याने प्रतिष्ठा मिळवून दिली, तो माणूस म्हणजे जे. गोल्डन किंबॉल. यंगचा निकटचा सहकारी हीबर सी. किंबॉल याच्या पोटी १८५३ साली जन्मलेला गोल्डन वडिलांच्या मृत्यूनंतर पोरवयातच खेचरे हाकू लागला आणि खेचरांशी बोलण्याची भाषा त्याच्या जिभेवर कायमची बसली. १८९२ साली तो मंडळीच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांत गणला जाऊ लागला. उंच, काटकुळा, आवाज चिरका. आणि व्यासपीठावर ‘हेल’, ‘डॅम’ हे शब्द अधूनमधून निसटणारच. बड्या घरचा मुलगा असूनही तो आयुष्यभर कर्जात होता, आणि ते सांगायला लाजत नसे. शिव्यांबद्दल त्याने दिल्याचे सांगितले जाणारे स्पष्टीकरण असे, की हा तर फार मोठ्या शब्दसंग्रहाचा उरलेला किरकोळ अवशेष आहे. तुम्हाला मंडळीतून काढतील अशी भीती वाटत नाही का, या प्रश्नाला त्याचे प्रसिद्ध उत्तर होते : मला काढणे त्यांना जमायचे नाही, मी फार भराभर पश्चात्ताप करतो. १९३८ साली नेवाडाच्या वाळवंटात मोटार अपघातात त्याचा अंत झाला. त्यानंतर लोकसाहित्याचे अभ्यासक ऑस्टिन व आल्टा फाइफ यांनी युटात फिरून कथा गोळा केल्या, तेव्हा किंबॉलच्या नावावर अशा अनेक गोष्टी जमा झालेल्या आढळल्या ज्या त्याने बोलणे शक्यच नव्हते. सामान्य सभासदाला बिशपपुढे जे बोलवत नसे, ते तो किंबॉलच्या तोंडी घालून, शक्य तर त्याच्या चिरक्या आवाजाची नक्कल करून, सांगू लागला होता.

२०११ मध्ये ब्रॉडवेवर मॉर्मन मिशनऱ्यांची यथेच्छ खिल्ली उडवणारे संगीत नाटक आले आणि त्याने नावही थेट धर्मग्रंथाचेच घेतले. मंडळीने निषेधाची मोहीम काढली नाही. पुढे नाटकाच्या प्रेक्षकांना मिळणाऱ्या पुस्तिकेत पैसे भरून जाहिरात दिली की नाटक पाहिलेत, आता ग्रंथ वाचा. ‘पक’च्या त्या चित्राला असे उत्तर देण्याची ऐपत आणि निर्धास्तपणा १८७७ च्या मंडळीकडे नव्हता. २०१८ साली अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरणे थांबवावे, असे आवाहन केले. पूर्ण नाव उच्चारेपर्यंत ऐकणारा निघून जातो, अशी कुरकुर सभासदांमध्ये झाली, तरी जगप्रसिद्ध मॉर्मन टॅबरनॅकल गायकवृंदाच्या नावातून तो शब्द त्याच वर्षी गेला. ज्या ग्रंथावरून शेजाऱ्यांनी ते नाव ठेवले होते, त्याच्या मुखपृष्ठावर मात्र तो आजही आहे.