सूर्याची पट्टी चढते, आवाज बसतो

भांडणात 'आवाज चढला' म्हणतो तेव्हा माणूस मोठ्यानेही बोलत असतो आणि वरच्या पट्टीतही. गवयाला मात्र पट्टी वेगळी, जोर वेगळा. सूर्यासाठी गवयाचा कान हवा. त्याच्यावर डाग वाढले की पट्टी चढते आणि जोर मात्र घटतो!

सूर्याच्या पोटात कोंडलेल्या ध्वनिलहरींमुळे त्याचा पृष्ठभाग साधारण दर पाच मिनिटांनी खालीवर होतो. या कंपनांतल्या ठळक स्वरांची वारंवारता ३,००० मायक्रोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे दहा लाख सेकंदांत सुमारे ३,००० कंपनं, असते. १९८० मध्ये डाग भरपूर होते, पुढे ते ओसरले. सूर्याचं तेज मोजणाऱ्या एका उपग्रहाच्या नोंदी तपासून वुडर्ड आणि नॉइज या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं, की १९८४ पर्यंत हे स्वर सुमारे ०.४ मायक्रोहर्ट्झनं उतरले. आपल्या हिशेबात हा फरक एका श्रुतीचा (सप्तकाच्या बाविसाव्या हिश्श्याचा) शंभरावा भागही भरत नाही.

पण सगळे स्वर सारखे सरकत नाहीत. वरचे जास्त सरकतात, २,००० मायक्रोहर्ट्झखालचे जवळपास जागचे हलत नाहीत. मला यातली खरी गंमत इथेच वाटते. वारंवारता जितकी जास्त, तितकी लहर पृष्ठभागाच्या जवळ येऊन मागे फिरते. म्हणजे डागांच्या काळात बळावलेलं चुंबकीय क्षेत्र या लहरींना गाठतं ते अगदी वरच्या थरात. बदल गाभ्यात असता, तर खालचे स्वरही सरकायला हवे होते.

जोराची गोष्ट छोटी आहे. एकेका स्वरानं पृष्ठभाग हलतो तो सेकंदाला फार तर वीसेक सेंटिमीटर वेगानं. डागांच्या काळात स्वराची शक्ती साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होते. हे स्वर छेडणारे उसळत्या वायूचे ठोके पूर्वीइतकेच बसतात, पण घुमणं लवकर विरतं, वाजत्या घंटेला हात लावावा तसं.

आडवी वारंवारता आणि उभी शक्ती मांडलेल्या आलेखावर प्रत्येक स्वराचं एक शिखर उमटतं; दोन्ही बदल त्या एकाच शिखरात दिसतात, म्हणून घोटाळा होतो. शिखर उजवीकडे सरकलं तर पट्टी चढली. बुटकं आणि रुंद झालं तर जोर गेला. ०.४ मायक्रोहर्ट्झ सुटे दिसायला मात्र जवळपास महिनाभराची सलग नोंद लागते आणि रोजची रात्र आड येते. म्हणून १९९५ पासून सूर्याची ही कंपनं नोंदणाऱ्या 'गाँग' जाळ्याच्या सहा दुर्बिणी जगभर पाळीपाळीनं सूर्याकडे बघतात. त्यांतली एक उदयपूरला आहे.