फुलांचा कंजूष पाहुणचार

फूल मधमाशीला मकरंद देतं, असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात एका फुलातला मकरंद बहुतेकदा पुरता थेंबभरही नसतो. पोटातली मधाची पिशवी भरायची तर माशीला शेकडो फुलं पालथी घालावी लागतात. या चिकटपणात फुलाचा फायदाच असतो. एकाच फुलात पोट भरलं तर माशी सरळ पोळ्याची वाट धरेल आणि तिच्या अंगाला लागलेले पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचणारच नाहीत. शिवाय मकरंदातली साखर झाडाला पदरचीच खर्चावी लागते. थोडक्यात, पाहुणा यावा, पण रेंगाळू नये.

पाहुणा कोण, यावर मकरंदाचा पाक ठरतो. मधमाश्यांवर अवलंबून असलेल्या फुलांत तो बराच दाट असतो. पक्ष्यांसाठीच्या फुलांत साखर साधारण 20 ते 25 टक्केच असते. ही फुलं बहुधा लालभडक आणि जवळजवळ गंधहीन असतात, कारण पक्षी फूल शोधतात ते मुख्यतः डोळ्यांनी.

गंधाचा कारभार त्याहून काटेकोर. रातराणी दिवसा मुकी असते आणि अंधार पडला की आसमंत दणाणून सोडते, कारण तिचं गिऱ्हाईक म्हणजे निशाचर पतंग. स्नॅपड्रॅगन या बागेतल्या फुलाचा वास उलट दिवसा जास्त येतो, मधमाश्या कामावर असतात तेव्हा. परागीभवन झालं की काही दिवसांत त्याचा वास ओसरतो. माल संपल्यावर दुकानाची पाटी उतरवावी, तसं.

मला सगळ्यात मौज वाटते ती मकरंदात कालवलेल्या विषांची. अमेरिकेतल्या रानटी तंबाखूच्या मकरंदात निकोटिन असतं. गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि वर विष पाजायचं, हा काय प्रकार? जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी जनुकीय बदल करून या तंबाखूची वेगवेगळी झाडं तयार केली: काहींच्या फुलांना सुगंध नाही, काहींच्या मकरंदात निकोटिन नाही. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुगंध नसेल तर हमिंगबर्ड आणि पतंग फारसे फिरकत नव्हते. निकोटिन नसेल तर आलेला पाहुणा जास्त मकरंद फस्त करत होता. दोन्ही असलेल्या झाडाकडे पाहुणे येत, कडवट घोट घेऊन पुढच्या झाडाकडे जात, आणि झाडाला हवं होतं ते नेमकं हेच.

कॉफी आणि लिंबूवर्गीय झाडांनी दुसरीच युक्ती काढली आहे. त्यांच्या मकरंदात कॅफीन असतं, पण माशीला कडू लागणार नाही इतकंच. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या जेराल्डिन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधमाश्यांना एका विशिष्ट वासाबरोबर साखरपाणी दिलं, काहींना त्यात किंचित कॅफीन घालून. दुसऱ्या दिवशी तो वास आठवणाऱ्या माश्या कॅफीनच्या गटात तिप्पट होत्या. हे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. पाजायचं थोडंच, पण आठवण पक्की राहील असं.

काही फुलं तर तेवढंही पाजत नाहीत. 1793 मध्ये क्रिस्टियान श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने लिहून ठेवलं, की काही ऑर्किडांत मकरंदाची नळी असते, मकरंद मात्र नसतो. किडे निव्वळ फसवले जातात. खुद्द डार्विनला हे पटेना. किडे पिढ्यानपिढ्या असे फसत राहतील, इतके ते खुळे नाहीत असं त्याचं मत. पण श्प्रेंगेलचं बरोबर निघालं. ऑर्किडांच्या सुमारे एक तृतीयांश जाती परागवाहकाला काहीही देत नाहीत.

किडे शिकतात, हे डार्विनचं म्हणणंही काही खोटं नव्हतं. युरोपातल्या एका रिकाम्या ऑर्किडवर बंबलबी नावाच्या केसाळ माश्या येतात आणि दोन-चार फुलांत गंडल्या की तो रंग टाळू लागतात. या ऑर्किडची काही झाडं पिवळी फुलतात, काही जांभळी, आणि दोन्ही एकाच कुरणात शेजारी शेजारी असतात. पिवळ्यात काही मिळालं नाही म्हणून माशी जांभळ्याकडे वळते. तिथेही काही नसतं.