अदृश्य परमेश्वराची ओळख

परमेश्वर डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची ओळख होऊ शकते, अशी ख्रिस्ती धर्माची धारणा आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील पहिल्या अध्यायात देवाला कोणी कधीही पाहिलेले नाही असे सांगून लगेच पुत्राने त्याला प्रकट केले असे म्हटले आहे, तर प्रेषित पौल ख्रिस्ताला अदृश्य देवाचे प्रतिरूप म्हणतो.

एखाद्याविषयी माहिती असणे वेगळे आणि त्याच्याशी ओळख असणे वेगळे, हा मराठीतला साधा भेद येथे कळीचा आहे. जुन्या करारातील ‘यादा’ हे हिब्रू क्रियापद जाणण्यासाठी येते, तसेच पतिपत्नींच्या सहवासासाठीही येते. त्यामुळे ही ओळख तर्काने सिद्ध करण्यापेक्षा प्रार्थना, वचनाचे वाचन आणि प्रभुभोजन यांतून वाढत जाते असे मानतात. ती एकांतापुरती मात्र राहत नाही. जो दिसणाऱ्या भावावर प्रीती करीत नाही, तो न दिसणाऱ्या देवावर प्रीती करू शकत नाही, अशी कसोटी योहानाच्या पहिल्या पत्रात घातलेली आहे.

गोव्यातील कॅथलिक घरांत या नात्याला कौटुंबिक वळण मिळाले आहे. संध्याकाळी आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या वेदीसमोर, मेणबत्ती लावून घरची माणसे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, मणी एकेक करून बोटांखालून सरकतात आणि शेवटी मुले वडीलधाऱ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. प्रार्थनेत देवाला ‘बापा’ अशी हाक असते आणि तीही एकेरीत. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला ती परकी वाटू नये. आभार मानताना सहज निघणारे ‘देव बरें करूं’ हे शब्दही त्याच जवळिकीचे आहेत.

मराठीत या विषयाचा मोठा आविष्कार म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातील धर्मगुरूने, जवळपास अकरा हजार ओव्यांत ख्रिस्तकथा सांगितली आणि ती 1616 मध्ये दक्षिण गोव्यातल्या साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापली गेली. याच साष्टीतील देवळे 1567 मध्ये पाडण्यात आली होती, हे येथे विसरता येत नाही: ज्यांची पुराणे हिरावली गेली, त्यांनाच हे नवे पुराण ऐकवायचे होते. तरीही स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजून स्टीफन्स यांनी श्रोत्यांच्या जुन्या भक्तीशी धागा राखला. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनेतही, मित्र मित्राशी बोलतो तसे ख्रिस्ताशी बोलावे, असा सराव सांगितला आहे.

प्रॉटेस्टंट परंपरांत, विशेषतः सतराव्या शतकात जर्मनीत उदयाला आलेल्या भक्तिपर चळवळीपासून, व्यक्तीच्या अंतःकरणातील परिवर्तनावर अधिक भर आला. कॅथलिक मताप्रमाणे हे नाते बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांमधून आणि मंडळीमधून, म्हणजे चर्चमधून, घडते. दोन्हींत आंतरिक अनुभव महत्त्वाचा असला, तरी त्याचे ठिकाण निराळे आहे.

या ओळखीत देवाचे मौनही येते. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच, देवा, तू आपले मुख माझ्यापासून किती काळ लपवणार, या विचारणेने होते, आणि अशी गाऱ्हाणी प्रार्थना म्हणूनच बायबलमध्ये ठेवलेली आहेत.