उपमेपासून अलामतीपर्यंत: साहित्याच्या संज्ञा आल्या कुठून

उपमेच्या सर्वांत जुन्या व्याख्यांपैकी एक व्याख्या कवितेवरच्या ग्रंथात नाही. ती यास्काच्या 'निरुक्ता'त आहे, म्हणजे वेदांतल्या अवघड शब्दांचा अर्थ लावून देणाऱ्या ग्रंथात. यास्क आपल्याआधीच्या गार्ग्य या आचार्याचे मत तिथे नोंदवतो: यत् अतत् तत्सदृशम्. जे 'ते' नाही पण 'त्या'च्यासारखे आहे, अशा ठिकाणी उपमा.

कवितेशी थेट संबंध नसलेल्या माणसाला उपमेची गरज का पडावी? कारण अगदी व्यवहारी होते. वेदांत 'न' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, 'नाही' आणि 'सारखा'. 'दुर्मदासो न सुरायाम्' या ऋचेत 'न' म्हणजे नकार धरला तर अर्थच बिघडतो. दारूने माजलेल्यांसारखे, असे तिथे म्हणायचे आहे. यास्क मग एक खूण देतो: ज्याचा नकार करायचा त्याच्या आधी 'न' आला तर तो नकाराचा, आणि ज्याची उपमा द्यायची त्याच्यानंतर आला तर तो उपमेचा. शाळेत आपण 'सारखा, सम, परी, जणू' हे शब्द शोधून अलंकार ओळखायला शिकतो. त्या सवयीचे मूळ इतके मागे जाते.

साहित्याच्या अभ्यासातल्या कितीतरी संज्ञा अशाच दुसऱ्या कुठल्या तरी विद्येतून आल्या आहेत. कुणी व्याकरणातून आली, कुणी रंगभूमीवरून, कुणी वैद्यकातून. माहेर कळले की संज्ञा पाठ करावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

उपमान हा शब्द पाणिनीच्या सूत्रांत आहे, पण तिथे तो समासाच्या नियमासाठी येतो. 'घनश्याम' या समासात घन आधी का आणि 'पुरुषव्याघ्र' या समासात व्याघ्र नंतर का, याचे उत्तर पाणिनी उपमान, उपमित आणि सामान्य अशा शब्दांत देतो. पुढे काव्यशास्त्राने ही सगळी भांडी उचलून आपल्या घरात आणली. उपमिताचे उपमेय झाले, सामान्याचा साधारणधर्म झाला.

रस आला तो स्वयंपाकघरातून. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात रस समजावताना जेवणाचा दृष्टान्त आहे: नाना व्यंजने आणि द्रव्ये एकत्र आली की जसा पदार्थाला रस येतो, तसा विभाव (भावनेची कारणे), अनुभाव (तिच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा) आणि व्यभिचारी भाव (अधूनमधून येऊन जाणारे भाव) यांच्या संयोगातून नाट्यात रस निर्माण होतो. तिखट वेगळे, मीठ वेगळे, पण चव त्यांपैकी कुणा एकाची नसते. हा दृष्टान्त लक्षात ठेवला तर रस म्हणजे कवीची भावना, ही नेहमीची चूक होत नाही. त्याच ग्रंथात अलंकार मात्र चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. भरतासमोर नाटक होते, म्हणून रसांना मान मोठा.

अलंकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दागिने येतात. शब्दाचे जुने रूप जरा वेगळे सांगते. ऋग्वेदात वायूला बोलावताना 'इमे सोमा अरंकृताः' असे म्हटले आहे. हे सोम तयार आहेत, सज्ज करून ठेवले आहेत. 'अरम्' म्हणजे पुरेसे, जुळेल असे, आणि त्याचेच पुढचे रूप 'अलम्'. त्या अर्थाने अलंकार म्हणजे वाक्याला त्याच्या कामासाठी सज्ज करणे. ही छटा नंतर मागे पडली आणि दंडी या काव्यशास्त्रकाराने काव्याला शोभा आणणारे धर्म म्हणजे अलंकार अशी व्याख्या केली. वामनाने अलंकार म्हणजे सौंदर्यच असे म्हणून शब्द पुन्हा रुंद केला, पण लोकांच्या मनात दागिनाच राहिला. मला याची हळहळ वाटते. वरून घातलेला दागिना काढून ठेवता येतो, चांगल्या कवितेतली उपमा काढता येत नाही.

'साहित्य' हा शब्दही याच जुन्या काव्यशास्त्राकडे बोट दाखवतो. भामह या काव्यशास्त्रकाराने 'शब्दार्थौ सहितौ काव्यम्' असे म्हटले. शब्द आणि अर्थ बरोबर असणे, सहित असणे, ते साहित्य.

भरताच्या चारांवरून अलंकारांची संख्या वाढत वाढत सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त शंभरावर गेली. ही वाढ पाहून अनेक वाचक कंटाळतात, आणि ते समजण्यासारखे आहे. पण ही निव्वळ मोजदाद नव्हती. दीक्षितांनीच 'चित्रमीमांसा' या दुसऱ्या ग्रंथात म्हटले आहे की उपमा ही एकच नटी आहे, ती वेगवेगळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगभूमीवर नाचते. मुख आणि चंद्र एवढ्या जोडीवर त्यांनी हे दाखवले. आपण दव आणि मोती घेऊन पाहू.

दव मोत्यासारखे चमकते, ही उपमा. दव म्हणजे जणू मोतीच, ही उत्प्रेक्षा. दवाचे मोती पानावर, हे रूपक. हे दव नव्हे, मोतीच हे, ही अपन्हुती. दव की मोती, कळेना: ससंदेह. मोती समजून बोट लावले आणि बोट ओले झाले: भ्रांतिमान. मोती पाहिले आणि पहाटेचे दव आठवले: स्मरण. मोत्याला ही ओल कुठली, दवच सरस: व्यतिरेक. आणि दवाचे नावही न घेता, गवतावर कुणी मोती सांडले, असे म्हटले की अतिशयोक्ती.

वस्तू दोनच. बदलते ते पाहणाऱ्याचे मन. पहिल्या वाक्यात तो शुद्धीवर आहे, उत्प्रेक्षेत कल्पना करतो आहे हे त्याला ठाऊक आहे, ससंदेहात तो डगमगतो, भ्रांतिमानात फसतो, अतिशयोक्तीत मूळ वस्तू त्याच्या नजरेतून गेलेलीच असते. दोन वस्तूंमधले अंतर किती उरले, याचे हे बारीक मोजमाप आहे. असे शिकवले तर अलंकारांची यादी कुणाला जड जाणार नाही.

मग नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने सगळी चर्चाच वेगळ्या वाटेला लावली. त्याने काव्याचा आत्मा म्हणून ज्या संज्ञेचे नाव घेतले, ती 'ध्वनी', आणि ती वैयाकरणांकडून घेतली आहे हे त्याने स्वतःच सांगितले. कानावर पडणारा नाद ज्याप्रमाणे शब्द प्रकट करतो, त्याप्रमाणे उघड अर्थ आतला अर्थ प्रकट करतो, अशी ती कल्पना.

ध्वनीचे सर्वांत गाजलेले उदाहरण मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे, कारण ते संस्कृतात नाही. ते आहे माहाराष्ट्री प्राकृतात, हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'तले, आणि त्यातली नदी गोदावरी आहे. गाथा सुरू होते 'भम धम्मिअ वीसत्थो' अशी. एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते: बाबा, खुशाल फिर. तो कुत्रा आज मारला गेला, गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहाने मारला. शब्द म्हणतात 'फिर'. अर्थ निघतो 'इकडे फिरकू नकोस'. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या जाळीकडे कशाला जाईल? टीकाकार सांगतात की ती जाळी तिची प्रियकराला भेटण्याची जागा आहे आणि हा माणूस तिथे येऊन अडचण करतो.

परवानगीतून मनाई निघाली. 'फिर' या शब्दाच्या कोशातल्या अर्थात ती नाही. मुख्य अर्थ अडतही नाही, त्यामुळे 'गंगेवर गवळीवाडा' या वाक्यात काठ हा अर्थ घ्यावा लागतो तशी लक्षणाही (मुख्य अर्थ अडला की त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ देणारी शक्ती) इथे चालत नाही. मग हा अर्थ येतो कुठून? व्यंजना नावाची तिसरी शक्ती मानावी लागते, असे आनंदवर्धनाच्या मताचे लोक म्हणाले. महिमभट्टाने 'व्यक्तिविवेक' लिहून हे खोडले. सिंह आहे म्हणून जाऊ नये, हे तर साधे अनुमान झाले, त्याला वेगळी शक्ती कशाला, असा त्याचा आक्षेप. मम्मटाने पुढे 'काव्यप्रकाशा'त त्याला उत्तर दिले. दोन ओळींच्या गाथेवर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला, आणि वाचकाला न लिहिलेले कसे कळते, हाच त्या वादाचा विषय होता.

मराठीत या संज्ञा आल्या त्या शास्त्र म्हणून नाही, कविता म्हणून आल्या. १२९० सालच्या 'ज्ञानेश्वरी'त पहिल्याच अध्यायात गणेशाचे वर्णन वाङ्मयाच्या रूपात आहे. नागर पदबंध हे त्याचे रंगीत वस्त्र, काव्यनाटके या त्याच्या कमरेच्या घागऱ्या, आणि त्या रुणझुणतात तो 'अर्थध्वनि'. काश्मीरची संज्ञा इथे घुंगराच्या आवाजात मिसळली आहे. अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीला तर रसांची पंगतच बसते:

जेथ शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा ।
आणि येरांही रसां पांतिकरां । जाहला मानु ॥

भरताच्या मूळ यादीत रस आठ होते, शांत नव्हता. उद्भटाने नऊ रस सांगितले, अभिनवगुप्ताने शांताची बाजू जोरात मांडली. त्या वादाचा शब्दही न उच्चारता ज्ञानेश्वरांनी शांताला घरधनी केले आणि विश्वरूपदर्शनाच्या अद्भुताला पाहुणा. माझ्या मते मराठीतले रसविवेचन इथे सुरू होते.

पंडित कवींच्या काळात नजर रचनेकडे वळली. वामनपंडितांचे श्लोक आणि मोरोपंतांच्या आर्या यांनी यमकाला डोक्यावर घेतले, वामनपंडितांना तर 'यमक्या' हे नावच पडले. इथे एक बदल नोंदवायला हवा. भरतापासूनच्या यमकात तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने ओळीत कुठेही परत येऊ शकतात. आज मराठी माणूस यमक म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ओळीच्या शेवटची अक्षरे जुळणे एवढेच असते. शब्द तोच राहिला, त्याचे शेत आक्रसले.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि संज्ञा पाठ्यपुस्तकात शिरल्या. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये 'नवनीत' हा वेच्यांचा संग्रह काढला, आणि वृत्ते शिकण्यासाठी 'वृत्तदर्पण' लिहिले. वृत्तांचे गण लक्षात ठेवायचे 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र पोरांच्या तोंडी बसले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या काव्यमालेतून जुने अलंकारग्रंथ बाहेर पडू लागले, 'नाट्यशास्त्र' १८९४ मध्ये आले. म्हणजे इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांच्या हाती हा मूळ ग्रंथ छापील स्वरूपात आला तेव्हा शेक्सपिअर त्यांचा वाचून झाला होता. दोन परंपरा त्यांना जवळजवळ एकदमच भेटल्या, आणि आपली आजची परिभाषा याच गर्दीत घडली.

केशवसुतांनी सॉनेट मराठीत आणले, त्याचे नाव स्थिरावले 'सुनीत'. आवाज मूळचा, अर्थ आपला. माधव जूलियनांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्याची छंद (अक्षरांच्या संख्येवर बेतलेला), जाती (मात्रांवर बेतलेली) आणि वृत्त (लघुगुरूंच्या ठरलेल्या क्रमाचे) अशी विभागणी केली, त्यामुळे ओवी-अभंगाला संस्कृत वृत्तांच्या मापाने मोजण्याची गरज उरली नाही. मला तर हे त्यांच्या कवितेइतकेच मोठे काम वाटते. अनिलांच्या कवितेने मुक्तछंद हा शब्द रुजवला. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन नियम मांडले, आणि तेव्हापासून समीक्षेतली 'लय' संगीतापुरती उरली नाही.

सगळीच भाषांतरे अशी सरळ बसली नाहीत. पर्सोनिफिकेशनसाठी चेतनगुणोक्ती हा शब्द घडवावा लागला. जुन्या यादीतली समासोक्ती त्याच्या जवळ जाते, पण तेच नव्हे. मेटाफरला रूपक म्हणतात, पण मेटाफरच्या पोटात आपले रूपक, आपली अतिशयोक्ती आणि बरीचशी लक्षणाही मावते. 'प्रतीक' हा शब्द वैदिकांकडे मंत्राच्या सुरुवातीच्या शब्दांसाठी होता, तेवढे उच्चारले की सगळा मंत्र समजायचा. सिंबॉलसाठी याहून नेमका शब्द मिळाला नसता. कॅथार्सिससाठी 'विरेचन' घेतले ते आयुर्वेदातून, आणि मूळ ग्रीक शब्दालाही शरीरशुद्धीचा तोच वैद्यकीय अर्थ होता, त्यामुळे ही जोडी फार नेटकी जमली. उलट ट्रॅजेडीला 'शोकांतिका' म्हटल्याने घोटाळा झाला. शेवट शोकाचा असलाच पाहिजे असे ते नाव सांगते. ॲरिस्टॉटल मात्र अनर्थ घडण्याआधीच ओळख पटून तो टळतो, अशा प्रसंगाचेही कौतुक करतो. म्हणून काही जण 'शोकात्मिका' लिहितात. मीही तेच लिहितो.

गझलेच्या बाबतीत मराठीने भाषांतर जवळजवळ केलेच नाही. माधव जूलियनांची 'गज्जलांजली' १९३३ ची. सुरेश भटांनी पुढे 'गझलेची बाराखडी' लिहून नवोदितांना तंत्र शिकवले, तेव्हा मतला (गझलेचा पहिला शेर), शेर (दोन ओळींची कविता), रदीफ (शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द), काफिया (त्याच्या आधी येणारा जुळणारा शब्द), अलामत हे शब्द तसेच ठेवले. काफियाला यमक म्हणून भागले असते असे वाटते, पण अलामत तिथे अडवते. काफियातल्या न बदलणाऱ्या अक्षरांच्या आधीचा स्वर सगळ्या शेरांत तोच राहावा लागतो, तो स्वर म्हणजे अलामत. 'वारा' आणि 'तारा' चालतात. 'वारा'ला 'पुरा' जोडला तर 'रा' जुळतो, पण 'आ'च्या जागी 'उ' येतो आणि मुशायऱ्यात बसलेला जाणकार लगेच नकारार्थी मान हलवतो.