लाकडाला वारा वरून, कोळशाला खालून

चुलीला जाळी नसते, कोळशाच्या शेगडीला असते. चुलीत लाकडं थेट राखेवर आडवी पडतात आणि त्यांना समोरून, वरून वारा लागतो. शेगडीत कोळसा जाळीवर रचतात, जाळीखाली एक तोंड ठेवलेलं असतं आणि पुठ्ठ्याने वारा घालायचा तो त्या खालच्या तोंडाशी. हा फरक सवयीचा किंवा सोयीचा नाही. लाकूड आणि कोळसा मुळातच दोन वेगळ्या रीतींनी जळतात, म्हणून त्यांची घरंही वेगळी आहेत. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या घरांत जो मल्टिफ्युएल स्टोव्ह दिसतो, तो या दोन्ही रचना एकाच बंद पेटीत बसवतो. त्याच्या खिट्ट्या आणि झडपा कशासाठी आहेत हे कळायला हा एवढा फरक पुरतो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही जुनं घर घेतलं की दिवाणखान्यातल्या जुन्या फायरप्लेसच्या कोनाड्यात अशी बिडाची किंवा पोलादी काळी पेटी मिळू शकते. पुढे काचेचं दार, वर धुराड्याची नळी, खाली राखेचा खण. २०२२ मध्ये गॅस आणि विजेचे दर चढले तेव्हा तिकडे या शेगड्यांना मागणी वाढली. पण शेगडी घरात आली म्हणजे ती चालवता आली असं होत नाही. काच काळी पडते, लाकूड धुमसत राहतं, दार उघडलं की धूर खोलीत येतो. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: हवा चुकीच्या बाजूने जाते आहे किंवा पुरेशी जात नाही.

पेटलेल्या ओंडक्याकडे काचेतून नीट पाहिलं तर ज्योत लाकडाला चिकटलेली दिसत नाही. दोघांमध्ये बारीकशी फट असते. त्या फटीत वायू आहेत, ते लाकडातून बाहेर पडले आहेत पण अजून ऑक्सिजनमध्ये मिसळलेले नाहीत. साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसपासून लाकूड विघटित होऊ लागतं आणि कोरड्या लाकडाच्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग वायू आणि वाफांच्या रूपात निघून जातो. आपण ज्याला लाकूड जळणं म्हणतो ते बरंचसं या वायूंचं जळणं आहे, आणि ते लाकडाच्या वर, हवेत घडतं. ते पुरतं घडायला दोन गोष्टी लागतात: वरच्या बाजूला ताजी हवा आणि सुमारे ६०० अंशांची उष्णता. यातलं एक जरी कमी पडलं तरी तेच वायू धूर होऊन निघून जातात. धूर म्हणजे न जळलेलं इंधन. वायू संपल्यावर मागे राहतो तो लाकडी कोळसा, म्हणजे निखारा. तो गरम राखेच्या गादीवर, थोडक्या हवेतही छान जळत राहतो. म्हणून चुलीला जाळी लागत नाही, आणि सुगरणी चुलीतली राख कधी तळापर्यंत काढत नसत.

अँथ्रासाइट या उत्तम प्रतीच्या दगडी कोळशाची गोष्ट उलटी आहे. त्यात बाहेर पडणारे वायू १० टक्क्यांहूनही कमी; बाकी जवळजवळ सगळा कार्बन. इथे उडून जाऊन ज्योत होईल असं फारसं काही नसतं. खड्याच्या पृष्ठभागापर्यंत ऑक्सिजन स्वतः पोचला तरच कोळसा जळतो, त्यामुळे हवा खालून, खड्यांच्या फटींतून वर चढवावी लागते. या थरात मोठं रसायन चालतं. तळाशी कार्बन आणि ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साइड होतो, प्रचंड उष्णता निघते. तो वायू वरच्या लालबुंद कोळशातून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. थराच्या माथ्यावर त्याला पुन्हा हवा भेटली की तो निळ्या ज्वाळांनी जळतो. शेगडी फुलल्यावर निखाऱ्यांवर नाचणाऱ्या त्या निळ्या जिभा याच.

आपल्याकडे शेगडी अंगणात पेटवून, धूर सरल्यावर घरात आणायची रीत होती. धूर टाळायला ते ठीक होतं. पण धूर सरतो तो कोळशातले वायू संपल्यामुळे, आणि विषारी, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड त्यानंतरही भरपूर तयार होत राहतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. थंडीत दारं-खिडक्या लावून शेगडी उशाशी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. लालभडक, बिनधुराची शेगडी निर्धोक असते हा समज कुणाच्या घरात अजून असेल तर तो आजच काढून टाकावा.

आता त्या बिडाच्या पेटीत डोकावू. तळाशी हलणाऱ्या पट्ट्यांची जाळी असते. बाहेरचा दांडा मागेपुढे खडखडवला की राख खालच्या खणात गळते. हवेच्या वाटा साधारण तीन. एक खालून, राखेच्या खणाजवळच्या, हवा कमीजास्त करणाऱ्या चकतीतून जाळीखाली. दुसरी वरून: दाराच्या माथ्याशी असलेल्या फटीतून गरम होऊन आलेली हवा काचेच्या आतल्या अंगाला लागून खाली उतरते. ही हवा काचेवर काजळी बसू देत नाही आणि लाकडाच्या वायूंना वरून ऑक्सिजनही पुरवते. तिसरी वाट पाठीमागच्या बारीक भोकांची, ती नव्या शेगड्यांत बहुधा असतेच. माथ्याजवळ एक आडवी पट्टी बसवलेली असते, म्हणजे ज्वाळा सरळ धुराड्यात न पळता वळसा घालून जातात आणि वायूंना जळायला वेळ मिळतो. बाजूंना उष्णता धरून ठेवणाऱ्या विटा.

या विटांचं महत्त्व आपल्या तांब्याच्या बंबाकडे पाहिलं की पटतं. बंब हेही अनेक जळणांचं साधनच: तळाला जाळी, मधून नळकांडं, आणि त्यात ढलप्या, गोवऱ्या, करवंट्या, कोळसा, जे हाताशी असेल ते. पण बंबात आगीच्या चहूबाजूंनी पाणी असतं आणि पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. ज्वाळा त्या थंड भिंतीला टेकली की ६०० अंशांच्या खाली येते, वायू अर्धवट जळतात आणि नळकांड्यात काजळीचा थर चढतो. पाणी तापवायचं असेल तर याला इलाज नाही. खोली तापवायची असेल तर मात्र आगीभोवती गरम विटा ठेवून ती पुरती जळू द्यायची आणि उष्णता नंतर घ्यायची, हेच शहाणपणाचं.

या सगळ्याला चालवतं ते धुराडं. पंखा नाही, फुंकणी नाही, फक्त गरम हवेचा हलकेपणा. २० अंशांच्या हवेचं वजन घनमीटरला सुमारे १.२ किलो, २०० अंशांना ते पाऊण किलोच्या आसपास येतं. पाच मीटर उंच धुराड्यात या फरकाने साधारण २० पास्कल दाबाची ओढ तयार होते. वातावरणाचा दाब एक लाख पास्कल. त्यापुढे हे काहीच नाही, पण शेगडीचं काम एवढ्यावर चालतं. धुराडं थंड असेल तर ही ओढच नसते, म्हणून पहिली दहा मिनिटं धूर खोलीकडे येऊ पाहतो. यावर उपाय आहे: मोठी लाकडं खाली, काटक्या वर, आणि आग काटक्यांना लावायची. वरची आग आधी धुराडं तापवते, आणि खालच्या लाकडातून निघणारे वायू तिच्यातून जाताना जळून जातात. चुलीची सवय असलेल्या हाताला हे उलटं वाटतं, पण धूर खरोखर कमी होतो.

लाकूड जाळताना जाळीवर दोनतीन सेंटिमीटर राख राहू द्यावी, आग धरली की खालची चकती बंद करावी आणि सगळा कारभार वरच्या हवेवर चालवावा. खालची चकती उघडी ठेवली तर लाकूड भडाभडा जळतं, वायू एकदम निघतात, त्यांना वर पुरेशी हवा मिळत नाही आणि उष्णता धुराड्यातून आकाशात जाते. एका वेळी एकदोन ओंडकेच घालावेत.

लाकडाचा ओलावा हा तर सगळ्यात मोठा मुद्दा. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं. अशा एका किलोतून हाती लागते सुमारे सव्वादोन युनिट उष्णता. तेच २० टक्के ओलाव्याच्या लाकडातून चार युनिट. पण नुकसान एवढंच नाही. वाफ आगीला थंड करते, वायू जळायचे राहतात आणि त्यांचं डांबर धुराड्याच्या आत थापलं जातं. पुढे कधीतरी ते डांबर पेट घेऊ शकतं. मीटरने ओलावा पाहायचा तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर पाहावा. बाहेरची साल नेहमीच कोरडी निघते. रात्रभर चालावी म्हणून ओंडके ठासून भरून हवा बंद करणं ही फार पसरलेली आणि फार वाईट सवय आहे: आग विझत नाही, पण रात्रभर डांबर तयार होत राहतं.

कोळसा घालायचा तर आधी जाळी खडखडवून मोकळी करायची, खण रिकामा करायचा, खालची हवा उघडायची आणि वरची थोडीशीच ठेवायची, त्या निळ्या ज्वाळांपुरती. कोळशाचा थर चांगला जाड लागतो. चार खडे घातले तर ते एकमेकांना तापवू शकत नाहीत आणि विझतात. राखेचा खण भरू देऊ नये. जाळीच्या पट्ट्यांना खालून जाणारी थंड हवाच वाचवत असते. ती कोंडली की बिडाच्या पट्ट्या वाकतात. पेट्रोलियम कोक, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरणारा कोळशासारखा पदार्थ, तर या शेगडीत घालूच नये, तो फार तापतो.

दोन्ही एकदम? नाव ‘मल्टिफ्युएल’ असलं तरी नको. कोळशात गंधक असतं, लाकडात पाणी. गंधकाच्या वायूंना धुराड्यात ती वाफ भेटली की आम्ल तयार होतं आणि धुराड्यातली स्टेनलेस स्टीलची नळी आतून खात राहतं. आज लाकूड, उद्या कोळसा, असं चालेल. एका आगीत दोन्ही नको. आणि काहीही जाळलं तरी वर्षातून एकदा तरी धुराडं साफ करून घेणं आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणं याला पर्याय नाही. इंग्लंडमध्ये नवी शेगडी बसवताना हा अलार्म कायद्यानेच लागतो.

कायदे तिकडे उगीच झालेले नाहीत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस घरगुती कोळशाच्या आणि कारखान्यांच्या धुराची चादर बसली. तेव्हाच्या मोजणीने चार हजार माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांनी आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून पिशवीबंद घरगुती दगडी कोळसा आणि थोड्या प्रमाणात विकलं जाणारं ओलं लाकूड, आणि १ मे २०२३ पासून सुटा कोळसाही विकायला बंदी आहे. अँथ्रासाइट आणि जळणाच्या कमी धुराच्या विटा मिळतात. आयर्लंडने धुराच्या कोळशावर देशभर बंदी घातली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये.

माझं मत स्पष्ट आहे. शहरात, घरी गॅसची किंवा विजेची ऊब असताना केवळ ज्वाळा पाहायला सुखद वाटतात म्हणून रोज शेगडी पेटवू नये. नव्यातली नवी शेगडीसुद्धा सूक्ष्म कण सोडते, आणि ते शेजारच्या दमेकऱ्याच्या फुप्फुसात जातात. अँथ्रासाइटला धूर नाही, पण त्याचा कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेला होता. गावाकडची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘आर्वेन’ वादळाने उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली वीज गेली, काही हजार घरं आठवड्याहून जास्त काळ अंधारात राहिली. अशा घरात कोरड्या लाकडाचा साठा आणि ती काळी पेटी असणं ही चैन नाही.

राहिली राख. ती झाकणाच्या धातूच्या बादलीत, घराबाहेर, फरशीवर ठेवावी. तिच्यात दडलेला निखारा दोनदोन दिवस जिवंत राहतो. लाकडाची राख बागेत चालते, तिच्यात पोटॅश असतं. कोळशाच्या राखेत जड धातू असू शकतात, ती भाजीच्या वाफ्यात टाकू नये.